लख्ख धुतलेल्या ऐंशी बाटल्या

बाटली धुऊन झाली की लख्खमावशी ती खिडकीशी न्यायच्या, उजेडात धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि दुसऱ्यानं अशा रोखून बघायच्या की बाटलीनं आपण होऊन कबुलीजबाब द्यावा. सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. शहरभरच्या नळांचं पाणी ज्या बाटल्यांत भरून तपासायला यायचं, त्या बाटल्या धुवायच्या. काचेवर बोटाचा ठसा राहिला तर तो कुणाचा हे मावशी नुसतं बघून सांगतात, अशी प्रयोगशाळेत बोलवा होती, आणि ती कुणी उठवली हे विचारायची गरज नव्हती. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी लख्खमावशीच.

घरीही तोच कारभार. त्यांचे यजमान बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, आमच्याकडे पेला उचलायचा असेल तर आधी अर्ज करावा लागतो. नणंदेची जीभ त्याहून धारदार. ती टेकडीखालच्या वस्तीत राहायची आणि महिन्यातून दोनदा येऊन चहा पिता पिता सांगून जायची, की वहिनीनं आमच्या दादाला एकदा धुऊन वाळत घातला, तेव्हापासून तो आखडला तो आखडलाच.

त्या वर्षी शहरात पोटाची साथ आली. आधी टेकडीखाली दहाबारा माणसं आडवी झाली, मग शंभर, मग इस्पितळाच्या व्हरांड्यात खाटा लागल्या. नणंदबाईही त्यांतल्याच एका खाटेवर पोचल्या. हाताला सलाईन, चेहरा पांढराफटक, पण तोंडाचा पट्टा शाबूत. मावशी भेटायला गेल्या तर पहिलं वाक्य हे, "वहिनी, आमच्या नळाला महिनाभर वास येतोय. तुमची लॅब काय झोपा काढतेय का?"

लॅब झोपा काढत नव्हती. लॅबला रंग लागत होता.

त्याचं असं झालं, की सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीत सात जण. त्यांतल्या तिघांना साथीचं कळायचं, तिघांना सरकारचं कळायचं आणि पाण्याचं कळायचं ते एकीलाच. ती विद्यापीठातली प्राध्यापक. विद्यार्थिनी असताना ती याच प्रयोगशाळेत वर्षभर शिकायला होती आणि तेवढ्या वर्षात तिनं काचेचे नऊ फ्लास्क फोडले होते. तेव्हापासून मावशी तिला नऊफ्लास्क म्हणायच्या. पुढे ती डॉक्टरेट झाली, परदेशात भाषणं देऊन आली, टीव्हीवर दिसायला लागली, तरी मावशींच्या हिशेबात नऊ ते नऊच.

तर समिती नेमली, आणि सरकार विज्ञानाचं किती ऐकतं हे लोकांना दिसावं म्हणून आरोग्यमंत्री सोमवारी प्रयोगशाळा बघायला येणार असं ठरलं. झालं. प्रयोगशाळेचे साहेब आठ दिवस आधीपासून अंगात आल्यासारखे फिरायला लागले. पडदे बदलले, पंखे पुसले, मोडक्या खुर्च्या गच्चीवर गेल्या. आणि आतल्या खोलीला, जिथं धुतलेल्या बाटल्यांत औषधाचे थेंब घालायचं काम चालायचं, तिला फिकट हिरवा रंग काढला. रंगाचा वास जाईना, म्हणून थेंबांचं काम तात्पुरतं बाहेर, मावशींच्या धुण्याच्या खोलीत आलं.

थेंब घालायचं काम एका तंत्रज्ञाचं. पन्नाशीचा, सरळ, भित्रा माणूस. कुठलंही काम झालं की नोंदवहीत बरोबरची खूण करायची आणि खूण केली की ते काम डोक्यातून काढून टाकायचं, हा त्याचा जन्मभराचा नियम. त्याला सगळे टिकमार्क म्हणायचे. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यानं खिशातल्या डायरीत खूण केली होती असं त्याची बायकोच सांगायची.

सोमवारी सकाळी टिकमार्कनं ऐंशी बाटल्यांत थेंब घातले, त्या मावशींच्या खिडकीत वाळत ठेवल्या, वहीत खूण केली आणि तो चहाला गेला. मागून साहेब शेवटची फेरी मारत आले. खिडकीशी थबकले. बाटल्यांच्या तळाशी पांढुरकं कडं दिसत होतं.

"मावशी, हे काय? मंत्री याच खोलीत येणार आहेत. तुमच्या हातच्या बाटल्या आणि अशा? आत्ताच्या आत्ता पुन्हा धुवा."

मावशींच्या सत्तावीस वर्षांच्या अब्रूवर कुणीतरी शिंतोडा उडवल्यासारखं झालं. त्या कामाला लागल्या. ऐंशीच्या ऐंशी बाटल्या अशा घासल्या की काच आहे की नाही अशी शंका यावी. मग त्या बाटल्या नेहमीप्रमाणे वाफेच्या यंत्रात निर्जंतुक झाल्या, झाकणं लागली. अकरा वाजता मंत्री आले, त्यांनी त्यांतलीच एक बाटली उचलून उजेडात धरली, एक डोळा मिटला, आणि कॅमेरे कडाडले. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर मंत्री, हातात बाटली आणि मागे, अर्ध्या कापलेल्या, पण ओळखू येतील अशा, लख्खमावशी. त्यांनी तो फोटो कापून घरच्या कपाटाच्या दारावर आतून लावला. बाहेरून लावला नाही, कारण चिकटपट्टीचे डाग पडतात.

मंगळवारी त्या ऐंशी बाटल्या शहरभर गेल्या आणि नळांचं पाणी भरून आल्या. गुरुवारी अहवाल लागले. ऐंशी नळ, ऐंशी वेळा एकच शब्द, शुद्ध. टेकडीखालचा नळसुद्धा शुद्ध. नणंदेच्या दारातला, वास येणारा, तोसुद्धा शुद्ध. साहेब तर एवढे खूश की टिकमार्कलाही हसून बोलले. शुक्रवारी तीनला समितीची बैठक आणि पाचला मंत्री टीव्हीवर सांगणार, पाणी स्वच्छ आहे, उकळायची गरज नाही, साथ बाजारातल्या उघड्या खाण्यातून आली.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला टिकमार्क पुढच्या बाटल्या घेऊन मावशींच्या खोलीत बसला. हिरव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. त्यानं थेंब घातले, बाटल्या खिडकीत ठेवल्या. मावशी डबा उघडून बसल्या होत्या. थेंब वाळले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एकेका बाटलीच्या तळाशी पांढुरकं कडं उमटायला लागलं.

मावशींचा घास हातात राहिला.

"हे औषध तळाला असं पांढरं दिसतं?"

"वाळल्यावर दिसतं की. तुम्ही कधी बघितलं नसेल, आत व्हायचं ना काम."

"कशाला घालता ते?"

आता टिकमार्कला कुणी काही विचारत नसे, त्यामुळे विचारलं की तो खुलायचा. त्यानं सांगितलं, की नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतं. साथ आल्यावर ते आणखी वाढवलंय. नळातून पाणी बाटलीत पडतं तेव्हा त्यात जंतूही असतील आणि क्लोरीनही. बाटली लॅबला पोचेपर्यंत चारपाच तास जातात, तेवढ्यात क्लोरीन बाटलीतच जंतूंचा निकाल लावून टाकतं. मग इथं तपासलं की पाणी शुद्ध. पण माणूस काही पाणी भरून पाच तास थांबत नाही, तो तिथंच पितो. म्हणून हे औषध क्लोरीनला बाटलीत पडल्या पडल्या गप्प करतं. नळाशी जसं होतं तसंच पाणी इथं पोचतं.

"आणि औषध नसलं तर?"

"नसलं तर अहवाल म्हणजे रद्दी," टिकमार्क म्हणाला. "पण नसेल कसं? वहीत खूण आहे."

मावशींनी डब्याचं झाकण लावलं. सोमवारची गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. ऐकता ऐकता टिकमार्क असा पांढरा पडला की त्यालाही उजेडात धरलं असतं तर तळाशी कडं दिसलं असतं.

खरं तर गप्प बसणं सोपं होतं. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. निरोप समारंभात साहेब काय बोलणार हेसुद्धा ठरल्यासारखं होतं, सत्तावीस वर्षांत एक डाग नाही. कुणाला कळणार होतं? धुतलेली गोष्ट मागे काही ठेवत नाही, हे मावशींइतकं कुणाला माहीत? पण पाच वाजता मंत्री सांगणार, आणि टेकडीखाली नणंदेच्या घरी तिची दोन नातवंडं चुलीवरचं पातेलं उतरवून सरळ नळाला तोंड लावणार. मावशी उठल्या आणि साहेबांच्या खोलीत शिरल्या.

साहेब कोट चढवत होते. त्यांनी ऐकून घेतलं, वही मागवली, खूण बघितली आणि वही मिटली. बाटल्या पुन्हा धुवायला आपण सांगितलं होतं हे त्यांना काही केल्या आठवेना. मावशींनी आठवण करून दिली, तेव्हा ते दारातून वळून म्हणाले, "मावशी, तुम्ही बाटल्या धुवा. निष्कर्ष धुऊ नका." आणि गाडीत बसून बैठकीला गेले.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती होती ती त्या आगीत कुठल्या कुठे जळून गेली. त्यांनी नऊफ्लास्कला फोन लावला. फोन बंद. बैठकीआधी सगळ्यांचे फोन दाराबाहेर टोपलीत काढून घेतात, असं टिकमार्कनं सांगितलं. मग त्यांनी कपाटातून सोमवारसारख्याच लख्ख घासलेल्या, औषध न घातलेल्या दोन बाटल्या काढल्या, आजच्या कड्याच्या दोन घेतल्या, सगळ्या डब्याच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळल्या. टिकमार्कनं खिशातून एक छोटी कुपी काढून पुढे केली. क्लोरीन ओळखायचे थेंब. पाण्यात क्लोरीन असलं की पाणी गुलाबी होतं. भित्रा माणूस, पण कुपीचं झाकण घट्ट आहे ना हेही त्यानं तपासून दिलं. वहीत मात्र त्यानं कसलीच खूण केली नाही. जन्मात पहिल्यांदा.

घरी फोन गेला आणि पंधरा मिनिटांत यजमान स्कूटर घेऊन दारात हजर. इथवर सगळं ठीक. पण माणूस बत्तीस वर्षं बस चालवलेला. रस्त्यात बसथांबा दिसला की त्यांचा हात आपोआप वेग कमी करायचा. सचिवालयापर्यंत अकरा थांबे. पहिल्या थांब्याला मावशी गप्प राहिल्या. दुसऱ्याला म्हणाल्या, "अहो, कुणी चढणार आहे का?" पाचव्या थांब्याशी स्कूटर हळू झाली तेव्हा एका म्हाताऱ्यानं खरंच हात केला. मावशींनी मागून त्यांच्या पाठीत अशी बुक्की घातली की पुढचे सहा थांबे स्कूटर डोळे मिटून गेली. यजमान पुढे सगळ्यांना सांगायचे, की बत्तीस वर्षांत मी एकदाच वेळेआधी पोचलो, तोही मार खाऊन.

साडेतीन. फाटकावर रखवालदार. पास? नाही. भेटीची वेळ? नाही. नाव यादीत? नाही. रखवालदारानं पिशवीकडे बोट केलं, यात काय? मावशींनी शांतपणे सांगितलं, "साथीच्या बाटल्या. उघडून दाखवू?" रखवालदार तीन पावलं मागे सरला, फाटक उघडलं आणि दोन्ही हातांना सॅनिटायझर चोळत सुटला. बाटल्या रिकाम्या आहेत हे सांगायचं मावशींना सुचलं नाही, असं त्या म्हणतात.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर शहराचा नकाशा होता आणि नकाशासमोर नऊफ्लास्क उभी होती. नकाशावर आजारी माणसांच्या घरांचे लाल ठिपके, आणि ते सगळे टेकडीखाली माश्या बसाव्यात तसे एका जागी. ती सांगत होती, की एवढ्या दाट ठिपक्यांना बाजार पुरत नाही, बाजारात सगळं शहर जातं. हे एकाच जलवाहिनीचं काम वाटतं. सचिव घड्याळाकडे बघत होते. त्यांचं म्हणणं, मॅडम, वाटणं ठीक आहे, पण प्रयोगशाळेचे ऐंशी अहवाल शुद्ध म्हणतायत. सरकारला एक ओळ हवी. पाणी शुद्ध, हो की नाही? साहेब मान डोलवत होते. मंत्र्यांसमोर पाचच्या भाषणाचा कागद आणि टेबलावर प्रत्येकापुढे सीलबंद पाण्याची एकेक बाटली.

दार उघडलं. साहेबांची मान डोलायची थांबली.

"मावशी, तुम्ही?" नऊफ्लास्क म्हणाली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं हातातला पेला जपून टेबलावर ठेवला.

मावशींनी तिथं भाषण केलं असं पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं. केलं नाही. त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, एक लख्ख आणि एक पांढऱ्या कड्याची, सोमवारच्या ऐंशी बाटल्या या लख्ख बाटलीसारख्या होत्या एवढं सांगितलं, आणि नळाचं पाणी हवंय म्हणाल्या. आता झाली पंचाईत. नळाचं पाणी शुद्ध आहे असं जाहीर करायला बसलेल्या त्या खोलीत नळाच्या पाण्याचा थेंब नव्हता. सातही तज्ज्ञांनी, सचिवांनी आणि मंत्र्यांनी आपापल्या सीलबंद बाटलीकडे बघितलं. नऊफ्लास्क उठली, दोन्ही बाटल्या घेऊन व्हरांड्याच्या टोकाच्या स्वच्छतागृहात गेली आणि एकाच नळाखाली दोन्ही भरून आणल्या. एकही न फोडता.

मावशींनी दोन्हींत कुपीतले चार चार थेंब टाकले.

कड्याची बाटली होती तशी राहिली. लख्ख बाटलीतलं पाणी आधी फिकट, मग गडद, मग एखाद्या शाळकरी पोरीच्या रिबिनीसारखं गुलाबी झालं.

नऊफ्लास्कच्या डोळ्यांत असं काही चमकलं, की पंचवीस वर्षांपूर्वीची ती फ्लास्क फोडणारी पोरगीच पुन्हा उभी राहिली. तिनं भराभरा सांगितलं. लख्ख बाटलीत क्लोरीन जिवंत आहे, म्हणजे औषध नाही. म्हणजे ऐंशीही बाटल्यांत पाणी वाटेतच शुद्ध झालं. अहवाल बाटलीचे आहेत, नळांचे नाहीत.

"म्हणजे पाणी खराब आहे?" मंत्र्यांनी विचारलं.

"तसंही म्हणता येत नाही. ते चांगलं आहे की वाईट, हे आज आपल्याला माहीत नाही."

सचिव कळवळले. 'माहीत नाही' हे सरकारी पत्रकात लिहायचं कसं? तशी पद्धतच नाही. त्यावर मावशींनी त्या बैठकीतलं आपलं एकमेव मत दिलं. "माहीत होईस्तोवर उकळून प्या म्हणावं. उकळून प्यायल्यानं कुणाचं काही बिघडल्याचं मी ऐकलं नाही."

मंत्र्यांनी गुलाबी बाटली जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं, औषध गेलं कुठे? साहेब टेबलाच्या कडेवरची नक्षी वाचत होते.

"मी धुतलं," मावशी म्हणाल्या. "ऐंशीच्या ऐंशी. तुम्ही येणार होतात म्हणून."

मंत्री म्हणजे मुरलेला माणूस, पण त्यांचाही चेहरा क्षणभर त्या बाटलीच्या रंगाचा झाला. पहिल्या पानावरचा फोटो त्यांना आठवला असावा. मग ते हसायला लागले. आधी बारीक, मग खुर्ची हलेपर्यंत. बाकीचे हसावं की नाही म्हणून एकमेकांकडे बघू लागले. हसता हसताच मंत्र्यांनी समोरचा कागद ओढला, भाषणातल्या 'पाणी स्वच्छ आहे' या ओळीवर काट मारली आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'उकळूनच प्या. नमुने पुन्हा घेत आहोत.' पाच वाजता ते टीव्हीवर हेच बोलले. इस्पितळाच्या व्हरांड्यात नणंदबाईंनी सलाईनचा हात उंचावून शेजारच्या खाटेला सांगितलं, ही आमच्या वहिनीची लॅब. सकाळपर्यंत ती कुणाची लॅब होती याची आठवण कुणी काढली नाही.

शनिवारी पहाटेपासून नवे नमुने आले, पांढऱ्या कड्याच्या बाटल्यांत. रविवारी कळलं, ऐंशीपैकी एकतीस खराब, आणि बहुतेक टेकडीखालचे. नऊफ्लास्कच्या ठिपक्यांवर बोट ठेवून रस्ता खणला, तर जलवाहिनीचा सांधा निसटलेला आणि त्याला खेटून गटार. सांधा बदलला. पंधरा दिवसांत इस्पितळाचा व्हरांडा मोकळा झाला आणि नणंदबाई घरी येऊन म्हणाल्या, चहाचा पेला नीट धुतलाय ना, की त्यातलंही औषध घालवलंत?

मावशींना कारणे दाखवा नोटीस आली. येणारच. पण गंमत अशी, की नोटिशीत बाटल्या धुतल्याचा उल्लेखच नव्हता. तो केला असता तर धुवायला सांगितलं कुणी हेही लिहावं लागलं असतं. नोटीस होती ती पूर्वपरवानगीशिवाय उच्चस्तरीय बैठकीत प्रवेश केल्याची. नऊफ्लास्क म्हणाली, उत्तर मी लिहून देते. मावशींनी नको म्हटलं. यजमानांना कागद घेऊन बसवलं आणि दोन ओळी सांगितल्या. पहिली, प्रवेश केला हे खरं. दुसरी, त्याआधी पूर्वपरवानगीशिवाय ऐंशी बाटल्या धुतल्या, त्याचीही नोटीस द्यावी, उत्तर तयार आहे.

ती दुसरी नोटीस काही आली नाही. पहिलीही फायलीत कुठेतरी झोपली.

मग मावशींनी कपाटाच्या दारावरचा फोटो काढला. चिकटपट्टीचे डाग पडले, ते पुसून घेतले. फोटोला काच बसवून आणली आणि धुण्याच्या खोलीत बेसिनच्या वर, थेट डोळ्यांसमोर येईल असा टांगला. मंत्री, उजेडात धरलेली लख्ख बाटली आणि मागे अर्ध्या मावशी. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी तो बघितला आणि काढायला सांगायला तोंड उघडलं. पण आरोग्यमंत्र्यांचा फोटो सरकारी भिंतीवरून उतरवायचा कुणी, आणि कुठल्या आदेशानं? तोंड मिटून ते पुढे गेले.

तीन महिन्यांनी निरोप समारंभ झाला. साहेब भाषणात एक डाग नाही हे वाक्य म्हणाले नाहीत. मावशींनीही वाट बघितली नाही. त्या पहिल्या रांगेत बसून त्यांच्या जागी आलेल्या बाईच्या कानात सांगत होत्या, की तळाशी पांढरं कडं दिसलं की हात मागे घ्यायचा, मग आज्ञा कुणाचीही असो, आणि विसरायला झालं तर बेसिनवर बघ.